गॅलरीच्या गजावरचा हूक

"ताई गेली," असं ह्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी कंपनीच्या स्टोअरमध्ये आलेला माल उतरवून घेत होते. मी पहिलं विचारलं ते, "गॅस बंद केलात का?" त्या वेळेला वन्सं चहा ठेवतात हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं. हे म्हणाले, "केलाय." मी फोन ठेवला, चलनावर सही केली, किल्ल्या हवाली केल्या आणि निघाले. रबाळ्याहून वाशीपर्यंत बसमध्ये कुणाला कळवायचं, कुणाला तार करायची, डॉक्टर कोण बोलावणार, याचा क्रम लावत बसले होते. रडूबिडू काही आलं नाही. स्टॉपवर उतरले आणि सवयीने मान वर गेली. दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी रिकामी होती. माझ्या बसच्या सुमाराला ती गॅलरी कधी रिकामी नसायची. वन्सं तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत असायच्या आणि मी दिसले की वरूनच हाताने 'लवकर, लवकर' अशी खूण करायच्या. त्या खुणेने माझे पाय आपोआप भराभर उचलायचे. त्या दिवशी खूण करणारं कुणी नव्हतं, तरी उचलले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, सुमती. गिरगावात दिलेली. सासर पटवेकऱ्यांचं. सराफ सोन्याचे मणी, वाट्या, मोती घडवून पाठवायचे आणि ते रेशमात ओवून, गाठवून दागिना पुरा करायचं काम यांच्या घरी चाले. घरातले सगळे त्यात. वन्संना लग्नानंतर सासऱ्यांनी शेजारी बसवून शिकवलं आणि त्यांचा हात असा बसला, की मंगळसूत्रं बहुतेक त्यांच्याकडेच येऊ लागली. मग यजमान गेले. वय काही फार नव्हतं दोघांचं. महिना झाल्यावर वन्सं पुन्हा कामाला बसल्या, तर पुढ्यात मोत्यांचं ताट होतं आणि काळ्या मण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला होता. कुणी एका शब्दाने बोललं नाही. "बोलले असते तर मी भांडले असते," असं वन्सं मला एकदा म्हणाल्या. "डब्याशी कसं भांडणार?" पुढे सासरे गेले, दिरांनी जागा विकली, आणि आणीबाणी उठल्यानंतर केव्हातरी वन्सं एक ट्रंक आणि एक पितळी हूक घेऊन आमच्या वाशीच्या फ्लॅटवर आल्या.

तेव्हा वाशी म्हणजे चार इमारती आणि मध्ये चिखल. ओहोटी लागली की खाडीचा वास थेट स्वयंपाकघरात. आम्ही दोघं नोकरीवर, दिवसभर घराला कुलूप. वन्संनी पहिल्या आठवड्यात आमचे सगळे डबे घासले, दुसऱ्या आठवड्यात पडदे शिवले आणि तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाल्या, "नलू, मला काम बघ, नाहीतर मी तुझ्या भिंती खरवडायला लागेन." त्या तसं करतील याची मला खात्री होती. बसलेल्या वन्सं मी पाहिल्या त्या फक्त हातात दोरा असताना. एरवी त्या उठत, पाणी पीत, दार उघडून जिना बघत, पुन्हा बसत. मी सेक्टरमधल्या सराफाला जाऊन विचारलं. त्याला गाठवायला माणूस हवाच होता, दर वेळेला माल मुंबईला पाठवून तो कंटाळला होता. माणूस सवाष्ण आहे का विधवा, हे त्याने विचारलं नाही. त्याला काम वेळेवर हवं होतं.

माल घरी आला. पुडी सोडली तर काळे मणी. वन्संनी पुडी पुन्हा बांधली. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाल्या, "परत दे." मी म्हटलं, "वन्सं, इथे तुमचा डबा वर ठेवायला कोण आहे?" त्या उठल्या, गॅलरीत गेल्या, आल्या, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मी ओवते. शेवटची गाठ तू मारायची. सवाष्णीच्या हाताने झालं म्हणजे झालं. उगाच कुणी बोलायला नको." बोलणारं कुणी नव्हतं, पण मला स्वयंपाक उरकायचा होता. मी हो म्हटलं. त्या एका 'हो'ने पुढची दहा-अकरा वर्षं माझ्या संध्याकाळी बांधल्या गेल्या.

गॅलरीच्या गजाला वन्संनी तो पितळी हूक बांधला. पटवेकरी एरवी पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसतात, पण तसं बसलं की उठता येत नाही, आणि उठल्याशिवाय तर वन्संना राहवत नसे. हुकाला दोरा ताणून ठेवला की मध्ये जाऊन कुकर बघता येई. खाली पांढरा रुमाल, त्यावर काळे मणी. फुटका, भोक तिरकं असलेला, किंचित फुगीर मणी त्या नखाने बाजूला सारत. दोऱ्याला मेण, टोकाला डिंक, की ते टोकच सुईसारखं ताठ होई. वाट्या मधोमध येईपर्यंत दोन्ही बाजू पुनःपुन्हा जुळवून बघत आणि जरा कुठे ओढ वाटली की सगळं सर्रकन उतरवून पहिल्यापासून. मी म्हणे, "कुणाला दिसणार आहे?" त्या म्हणत, "घालणारीला मानेवर कळतं." असं करत करत दुपारी तीन-साडेतीनपर्यंत पोत पुरी होई. राहिलेली असे ती एकच गाठ. आणि माझी बस यायची संध्याकाळी. तेवढा वेळ ते मंगळसूत्र हुकाला लोंबत राही आणि वन्सं त्याच्याभोवती येरझारा घालत. पुरं झालेलं काम पुरं झालं म्हणता येत नाही, याचा त्यांना अंगभर त्रास व्हायचा. मी दारात चप्पल काढते न काढते तोच, "आधी गाठ मार, मग पाणी पी." खांद्यावर पर्स तशीच, आणि मी हुकाशी उभी.

माझी गाठ म्हणजे पोत्याच्या तोंडाला मारतात तशी. वन्संना ती बघवत नसे. "अगं, बैल बांधतेस का?" असं म्हणत त्या शेजारी उभ्या, बोटं शिवशिवताहेत, पण दोऱ्याला हात लावायचा नाही. "उजवं टोक खालून... खालून गं! आता ओढ. हळू. ती सोन्याच्या मण्यात सरकव. सरकत नाही? नाहीच सरकणार, एवढी ढेकूळ केल्यावर." उदबत्तीने टोक जाळायचं कामही माझंच. मी ते कधी जास्त जाळे, कधी कमी. एक-दोन बायका सैल झाली म्हणून परत घेऊन आल्या. वन्संचा अख्खा दिवसाचा हात आणि बट्टा माझ्या गाठीचा. मी सरळ म्हटलं, "तुम्हीच मारा ना. तुमची सुटत नाही." त्यावर त्या पुडीतले मणी पुन्हा निवडायला घेत. निवडलेलेच मणी.

बोनकोड्याची हिराबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. जिन्यातूनच, "ओ बाय, निवट्या हान, ताज्या फडफडीत!" अशी आरोळी. तिला तोंड होतं आणि वन्संना वेळ होता, त्यामुळे दोघींचं जमलं. तिच्या मुलीचं, यमुनाचं लग्न ठरलं तेव्हा तिने सोन्याचे मणी आणि वाट्या रुमालात बांधून वन्संच्या पुढ्यात टाकल्या. "तूच कर. त्या सराफाचे दुकानान मी पाय नाय ठेवाची." हळदीच्या दिवशी दुपारी ती न्यायला येणार असं ठरलं. मी त्या दिवशी लवकर सुटायचं कबूल केलं, सुटलेही. पण घणसोलीच्या अलीकडे बस बंद पडली. मागून येणारी भरलेली, ती थांबेना. शेवटी बरंच अंतर चालत, मग एका टेंपोत बसून मी घरी पोचले ती दिवेलागणीला. खालून वर पाहिलं तर गॅलरीत कुणी नाही. वर गेले तर वन्सं आतल्या खोलीत, खुर्चीवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेल्या. हुकाला काही नव्हतं. मी म्हटलं, "हिराबाईने तशीच नेली का?" त्या म्हणाल्या, "नाही. मी गाठ मारली." आणि लगेच, "तुझी बस का नाही आली गं?" असं ज्या आवाजात म्हणाल्या... मी चप्पल काढायची विसरले.

काय झालं ते मला हिराबाईने लग्न उरकल्यावर सांगितलं, जिन्यात टोपली टेकवून. ती आली, बसली, तर वन्सं नुसत्या येरझारा घालताहेत. "मी बोलली, बाय, तिकरं पोरीला हलद लागाची हाय, आनि तू हितं फिरतेस काय? तं बोलते कशी, नलूला येऊ दे, गाठ तिची पायजे. मी बोलली, का? तं तिनं सांगितलान. मना हसूच आला. मी बोलली, माजा पन घो खाडीत गेला. तरी लोकं माजे हातची मासली खातान का नाय? रोज खातान, वर आनखी मागतान. मंग इचारला तिला, तुजे हातची गाठ सुटते? तं बोलली, नाय. मी बोलली, मंग मार!"

"आणि मारली?"

"मारलीन. दोनदा उठून पानी पिऊन आली गो. पन गाठ काय मारलीन! दिसतच नाय कवा ती."

मला वाटलं, सुटले एकदाची. आता संध्याकाळी चहा तरी बसून घेता येईल. पण दुसऱ्याच आठवड्यात हुकाला मंगळसूत्र लोंबलेलं आणि वन्सं गॅलरीत. "लवकर, लवकर." वर एक नवीनच सुरू झालं. हिराबाई दारात आली की मासळीकडे न बघता, "जावई बरा आहे ना?" आधी हिराबाईला कौतुक वाटलं. मग रोज तेच. जावई तिकडे बाजारात ट्रकवर कामाला होता, धट्टाकट्टा गडी. "बरा हाय." उद्या पुन्हा, "खोकला वगैरे नाही ना?" परवा, "ट्रक जपून चालवतो ना?" हिराबाई वैतागली. "बाय, मना माजे जावयाची येवरी काळजी नाय! तुला हाय तं तूच घेऊन ठेव त्याला, घाल दोन येळेला जेवाला." मी हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी बांगडे घेतले आणि साफ करायला आत गेल्या. मला कळत नव्हतं असं नाही. मला त्याला वेळ नव्हता. बाईने मणी ओवले, गाठ मारली, यात कुणाचा नवरा आजारी पडायचा काय संबंध, असं मी दोनदा तोंडावर सांगितलं होतं. दोन्ही वेळेला वन्सं म्हणाल्या, "मला कळतं गं ते." आणि दुसऱ्या दिवशी दारात पुन्हा, "जावई बरा आहे ना?"

पुढे तीन-चार वर्षांनी तो जावई खरोखरच आजारी पडला. कावीळ. हिराबाई दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणा बाईने सांगितलं. वन्संनी हातातलं काम उतरवून पुडीत बांधलं आणि सराफाला परत पाठवलं. जेवेनात. ह्यांनी समजावलं, डॉक्टरांची साक्ष काढली, पाण्यामुळे होते कावीळ म्हणून सांगितलं. "हो रे," म्हणाल्या आणि उठून गॅलरीत गेल्या. रविवारी मला म्हणाल्या, "बोनकोड्याला चल माझ्याबरोबर." मी विचारलं कशाला, तर पिशवीत कात्री, दोरा, मेण, उदबत्तीचा पुडा. "ती पोत सोडवते. नवीन दोऱ्यात ओवून देते, गाठ तू मार." वाद घालण्यात अर्थ नव्हता. गेलो.

जावई पडवीत खाटेवर, पिवळाधमक. आम्हाला बघून म्हणाला, "या, मावशी. मी जित्ता हाय का ते बगाला आलाव ना? सासू बोलली मना." वन्संच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. यमुना चुलीपुढून उठून आली, कडेवर पोर. वन्संनी तिला बाजूला घेतलं, काहीतरी पुटपुटल्या, पिशवीतून कात्री काढली. यमुनाने आधी कात्रीकडे पाहिलं, मग गळ्यावर हात ठेवला. "नाय देत," म्हणाली. "या पोराचा जलम झाला, शेतावर गेली, खाडीवर गेली, ही गाठ कवा सैल पन नाय झाली. हिला काय झाला तं मी तुमचेकरं येईन. तुमी कात्री ठेवा आनि च्या घ्या." वन्सं उभ्याच. कात्री हातात. मीच ती काढून पिशवीत टाकली. चहा बिनदुधाचा होता, गुळाचा. वन्संनी तो उभ्या उभ्या घेतला आणि परतीच्या वाटेवर माझ्यापुढे इतक्या भराभर चालत राहिल्या, की मला त्यांच्याशी बोलताच आलं नाही.

जावई महिन्याभरात बरा झाला. पुन्हा ट्रकवर जाऊ लागला. मला वाटलं होतं, आता तरी वन्सं स्वतः गाठ मारतील. नाही. उलट नेम अधिकच कडक झाला. मी माहेरी गेले की हुकावर दोन-दोन, तीन-तीन मंगळसूत्रं माझी वाट बघत. सराफ कुरकुरे. मी चिडून म्हटलं, "शेजारणीला बोलवा, ती काय सवाष्ण नाही?" तर म्हणाल्या, "तिला सांगावं लागेल ना, का बोलावते ते." माझं स्वतःचं मंगळसूत्रसुद्धा दर वेळी दोरा कुजला की त्याच ओवायच्या आणि गाठ माझी मीच मारायची. त्यात तर त्या माझ्यापासून दोन हात लांब उभ्या राहत. हे त्यांचे एकुलते एक भाऊ होते. माझी ती ढेकळासारखी गाठ मानेला टोचायची, ब्लाउजच्या गळ्याला अडकायची. मानेवर एक काळा डागच पडला होता. सवय झाली होती.

या वर्षी पावसाळ्याआधी वन्संना धाप लागू लागली. जिना बंद झाला. पण हूक सुटला नाही, फक्त येरझारा आखूड झाल्या. एका रविवारी सकाळी मी पाणी भरत होते, तर माझ्या मानेवरच्या डागाकडे बघून म्हणाल्या, "नलू, तुझा दोरा कुजलाय. काढून दे." मी ओल्या हातानेच काढून दिलं. "ओवून झालं की हाक मारा," असं म्हणून मोरीत गेले. नंतर कपडे, मग गिरणी, मग पाहुणे आले. दुपारी मंगळसूत्र देवापुढच्या वाटीत दिसलं, ते उचलून गळ्यात घातलं. मधे कधीतरी गाठ मारून गेले असेन, असंच मला वाटलं. इतक्या वर्षांत इतक्यांच्या गाठी मारल्या, कुठली मारली आणि कुठली नाही हे कोण लक्षात ठेवतं?

त्यानंतर वन्संनी ह्यांच्या मागे भुणभुण लावली. सकाळी हे पेपर घेऊन बसले की, "बापू, बरं वाटतंय ना?" संध्याकाळी आले की, "दम नाही ना लागला?" एकदा स्वतः धापा टाकत उठून आल्या आणि ह्यांच्या पायाला सूज आहे का ते बोटाने दाबून बघितलं. हे म्हणाले, "ताई, आजारी तू आहेस! मला काही झालेलं नाही." तरी ऐकेनात म्हणून जाऊन रक्तदाब तपासून आले, ठीक निघाला. तो कागद वन्संनी उशीखाली ठेवला. म्हातारपणाने माणूस भित्रं होतं, असं मी सरळ निदान केलं आणि पुढच्या कामाला लागले. शेवटच्या दिवशी दुपारी हे घरी होते. चहा ठेवायला उठताना वन्संनी पुन्हा ह्यांना तेच विचारलं. हे म्हणाले, "बरा आहे गं बाई." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथेच...

दिवसकार्य आटोपलं. ट्रंक उघडली, लुगडी वाटली, सराफाचा माल पोचता केला. हिराबाई येऊन गेली. टोपली न घेता आली आणि जिन्यातून ओरडलीही नाही. मी कामावर जाऊ लागले. स्टॉपवर उतरले की अजून मान वर जाते, त्याला इलाज नाही. परवा रविवारी डोक्याला तेल लावताना मानेमागे हात गेला आणि लक्षात आलं, की टोचत नाहीये. कधीपासून टोचत नाहीये, कोण जाणे. मंगळसूत्र काढून उजेडात गॅलरीत नेलं आणि गाठ शोधली. माझी ढेकूळ कुठेच नव्हती. शेवटी नखाने एकेक सोन्याचा मणी सरकवून पाहिला, तेव्हा एका मण्याच्या पोटात गाठ सापडली. मोहरीच्या अर्ध्याएवढी. टोक जेमतेम जाळलेलं, काजळीसुद्धा नाही. त्या हुकाशी मी तशीच उभी राहिले. मला तो रक्तदाबाचा कागद आठवला. पायाची सूज बघणारं बोट आठवलं. यमुनाच्या गळ्यात एकदा गाठ मारून त्यांनी सगळी वर्षं जिवाला घोर लावून घेतला होता, आणि शेवटी मारली ती आपल्या भावाच्या नावाची. मला हाक मारली नाही, सांगितलं नाही, आणि मग गाठ मारल्यापासून जायच्या दिवसापर्यंत त्यांना घडीभर चैन नव्हतं.

दोरा कुजतो. वर्ष-दीड वर्षात हाही बदलावा लागेल, तेव्हा ही गाठ कापावीच लागेल, हे मला कळतं. हूक गजाला आहे तसाच आहे. हे म्हणाले, रंगारी येणार आहेत, काढून ठेवू का? मी म्हटलं, रंगाऱ्याला म्हणावं, त्याच्या बाजूने रंग लाव. मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घातलं आणि आत आले. हे नेहमीच्या जागी, तोंडापुढे पेपर. मी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे गेले, थांबले, मागे वळले.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

ह्यांनी पेपर खाली केला. "आता तू सुरू केलंस?"

उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलले नाही.